पुरातून आणलेल्या कुत्र्यांच्या शेडवर काम करायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे

प्रश्न : एक शिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीला आलेल्या महापुराने माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांची काय अवस्था केली, हे येथील बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. पुणे महामार्गावरची वाहतूक लांबोटीजवळ थांबली होती, त्या दिवसांत आम्ही शिक्षकांनी शाळेतून धान्य, चटया आणि कपडे गोळा करून पाठवले. ती मदत पोहोचवायला गेलेले काही तरुण परत येताना टेम्पोतून कुत्री घेऊन आले. त्यांतले कोणी पत्र्यावर अडकलेले होते, कोणी उसाच्या फडात चिखलात रुतलेले होते, तर कोणी घरची माणसे सुरक्षित जागी हलवल्यानंतरही रिकाम्या घराचा उंबरा धरून बसलेले होते. शहराबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात सध्या अशी चाळीसच्या आसपास कुत्री आहेत आणि त्यांच्यासाठी दररोज येणारी माणसे जेमतेम सहा आहेत.

गेल्या दोन रविवारी मी तेथे गेले. पहिल्या रविवारी मी हौसेने पाच लिटर दूध आणि पाव नेले, स्वतःच्या हाताने सर्वांना घातले आणि समाधानाने घरी आले. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना जुलाब झाले. त्या मुलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु सोमवारी रात्री बारापर्यंत ते फरशी धूत होते, हे मला नंतर समजले, आणि तेव्हापासून आपण मदत करतो आहोत की त्यांचे काम वाढवतो आहोत, हा प्रश्न मला सोडत नाही.

दुसरी गोष्ट एका कुत्र्याची आहे. तपकिरी रंगाचा, उंच पायांचा, निमुळत्या तोंडाचा असा हा नर दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या वडकबाळच्या पुढून कोठून तरी आणलेला आहे. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. कोणी समोर असेल तर अन्नाला तोंड लावत नाही. गोदामाचे लोखंडी शटर वर गेल्याचा आवाज झाला की त्याचे सर्वांग थरथरते. त्याच्या बरगड्या मोजता येतात. त्याला घरी घेऊन जावे, असे मला फार वाटते. परंतु घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि आम्ही यापूर्वी कधीही कुत्रा पाळलेला नाही.

म्हणून विचारते. आठवड्यातून दोन-तीन तास देऊ शकणाऱ्या माझ्यासारखीने तेथे नेमके कोणते काम करावे? जाण्यापूर्वी कोणती लस घ्यावी? माझा सोळा वर्षांचा मुलगाही येऊ म्हणतो, त्याला न्यावे काय? आणि त्या तपकिरी कुत्र्याचे काय करावे?

उत्तर १ : एक स्वयंसेवक, होटगी रस्ता

ताई, ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचे पाणी पंढरपुरात शिरले, तेव्हा मी या कामात आलो आणि आल्यावर मीही अगदी हीच चूक केली होती, फक्त माझ्या हातात दुधाऐवजी लग्नकार्यातली उरलेली बिर्याणी होती. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, आणि भुकेने आतडी नाजूक झालेली असताना तर मुळीच पचत नाही. बिर्याणी, आमटी, खानावळीतली भाजी यांत कांदा-लसूण असतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवलेली हाडे तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. त्यामुळे शेडवर अन्न न्यायचे असेल, तर मऊ भात, बिनमिठाचे उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली कोंबडी, नाहीतर वरणाच्या साध्या पाण्यात चांगली भिजवलेली ज्वारीची भाकरी, एवढेच न्यावे, आणि तेही तेथील मुलांना आदल्या दिवशी विचारून न्यावे. एका वेळी दहा जण दहा प्रकारचे अन्न घेऊन आले, तर कोणत्या कुत्र्याला कशाने त्रास झाला, हे डॉक्टरांनाही शोधता येत नाही.

आता कामाविषयी. पूर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शेडवर एवढी माणसे येतात की उभे राहायला जागा नसते, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर कोणीही येत नाही. कुत्री मात्र तेवढीच असतात. म्हणून माझी आपल्याला पहिली विनंती अशी आहे की, आपण दोन तास देणार असाल तर ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी द्यावेत आणि किमान तीन महिने द्यावेत. मंगळवारी सकाळी सात वाजता आपण येणारच, हे त्या मुलांना ठाऊक असले, तर त्यांच्यापैकी एकाला त्या दिवशी झोप मिळते. कुत्र्यांनाही त्या वेळेचा अंदाज येतो. ज्याचे सगळे एका रात्रीत वाहून गेले, त्याला कोणीतरी ठरल्या वेळी येते, याचा फार मोठा आधार असतो, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आहे.

त्या दोन तासांत करायचे काम म्हणजे पाण्याची घमेली घासून भरणे, फरशी धुणे, अंथरुणे बदलणे आणि वहीत नोंद करणे. कुत्र्यांना कुरवाळण्याचे काम त्या मानाने थोडे असते. नोंदीचे महत्त्व बहुतेकांना उशिरा पटते. कोणी किती खाल्ले, शौच घट्ट झाली की पातळ, कोण लंगडले, कोण खोकले, हे रोज लिहिले गेले, तरच आजार दोन दिवस आधी पकडता येतो. आपण शिक्षिका आहात. आपले अक्षर आणि आपली शिस्त तेथे इतर कशाहीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

अंथरुणासाठी आपल्या सोलापुरात जुन्या चादरींना तोटा नाही आणि कारखान्यांतून डागी मालही मिळतो. मात्र देण्यापूर्वी चादरीच्या दशा कापून काढाव्यात आणि धागे सुटलेले टॉवेल मुळीच देऊ नयेत. अस्वस्थ कुत्री कापड चावत बसतात, आणि लांब धागा पोटात गेला, तर आतडी गोळा होऊन शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्याकडे एक पिल्लू याच कारणाने दगावले होते.

तपकिरी कुत्र्याजवळ जाताना समोरून जाऊ नका. पाच-सहा हात अंतरावर, त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसा, हातात पुस्तक घ्या आणि हळू आवाजात वाचत राहा. त्याच्या डोळ्यांत पाहू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. कुत्रा वारंवार जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, तेव्हा तो आपल्याला मागे सरका म्हणत असतो. ते ऐकले नाही, तरच तो गुरगुरतो. खाणे ठेवून निघून जावे आणि तो कधी खातो, हे लांबून पाहावे. कोणी पाहत नसताना तो खात असेल, तर ते चांगले लक्षण समजा.

शटरचा आवाज कमी करता येतो. पन्हाळीत वंगण घालावे, किंवा बाजूचे छोटे दार असेल, तर येणे-जाणे तेथून ठेवावे. आणि एक गोष्ट तातडीची आहे : दिवाळी तोंडावर आली आहे. त्या चार दिवसांत अंधार पडण्यापूर्वी सर्वांचे खाणे आणि फिरणे उरकून घ्यावे, खिडक्यांवर जाड चादरी लावाव्यात, आत पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, आणि प्रत्येकाचा पट्टा दोन बोटे जेमतेम जातील एवढा आहे ना, हे स्वतः तपासावे. फटाक्याने बिथरलेला कुत्रा ढिल्या पट्ट्यातून मान काढून महामार्गावर पळतो, आणि पुरातून वाचलेला जीव तेथे जातो.

उत्तर २ : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

वरील उत्तर अनुभवाचे आहे आणि त्याला माझी पूर्ण सहमती आहे. आरोग्याच्या बाजूने काही गोष्टी सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या कामात उत्साहापोटी जी हयगय होते, तिची किंमत कधी माणसाला तर कधी पिल्लांना मोजावी लागते.

सर्वप्रथम रेबीज. कुत्रा शांत आहे, पाळीव वाटतो, म्हणून त्याच्यापासून धोका नाही, असे समजू नये. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिनेही जातात, आणि माणसात लक्षणे सुरू झाल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. म्हणून नियमित काम करणाऱ्याने आधीच प्रतिबंधक लस घ्यावी. तिच्या तीन मात्रा असतात : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि त्यानंतर एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. दात किंवा नख लागून कातडी फुटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हे धुणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. तिखट, चुना, हळद असे काहीही लावू नये, जखम बांधू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. आधी लस घेतलेली असेल, तर चावल्यानंतर दोनच मात्रा पुरतात आणि जखमेत द्यावयाच्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची गरज पडत नाही. चावणाऱ्या कुत्र्याला मारू किंवा हाकलू नये. त्याला वेगळे बांधून दहा दिवस पाहावे. मात्र तो निरोगी दिसतो म्हणून स्वतःची लस थांबवून वाट पाहू नये.

पुराच्या संदर्भात दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि बाधित कुत्र्यांच्या लघवीतून त्याचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि आपल्या पायावरच्या लहानशा चिरेतूनही शरीरात शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय फरशी धुण्याच्या कामाला हात लावू नये. शेडवर गेल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना आपण कोठे काम करतो, हे स्वतःहून सांगावे, कारण ते सांगितले नाही, तर साधा ताप म्हणून वेळ वाया जातो.

कुत्र्यांच्या बाजूने सर्वांत मोठी भीती पार्व्होची आहे. पिल्लू अचानक खाणे सोडते, उलट्या होतात, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत ते जाते. याचा विषाणू फरशीवर, मातीत आणि आपल्या चपलांना चिकटून अनेक महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे साधारण ५ टक्क्यांचे द्रावण एक भाग आणि पाणी ३० भाग असे मिश्रण वापरावे. आधी साबणाने घाण पूर्ण काढावी, मग हे मिश्रण टाकावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. घाणीवरच ओतले, तर त्याचा उपयोग होत नाही, आणि हीच चूक मी जवळजवळ प्रत्येक शेडवर पाहिली आहे. कुत्री तेथून हलवल्याशिवाय ते वापरू नये. नव्याने आलेल्या प्रत्येक कुत्र्याला चौदा दिवस वेगळे ठेवावे. कामाचा क्रमही निरोगी पिल्ले, मग निरोगी मोठी कुत्री, मग नवी आलेली आणि सर्वांत शेवटी आजारी, असाच ठेवावा. एकच झाडू आणि एकच घमेले सर्वत्र फिरवणे म्हणजे आजार हातोहात वाटणे होय.

आपल्या दुधाच्या प्रसंगाविषयी फार खेद करू नये. परंतु त्यामागचे कारण समजून घ्यावे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याला एकाएकी पोटभर दिले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. अशा कुत्र्याला पहिले काही दिवस थोडे-थोडे, दिवसातून चार ते सहा वेळा द्यावे आणि हळूहळू वाढवावे. तसेच घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कधीही देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

आता तो तपकिरी कुत्रा. उंच पाय, निमुळते तोंड आणि मोजता येणाऱ्या बरगड्या, हे वर्णन वाचून मला तो कारवानी असावा, असे वाटते. आपल्या जिल्ह्यात आणि सीमेपलीकडच्या मुधोळ भागात ही शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. त्यांची अंगकाठीच सडपातळ असते. दोन-तीन बरगड्या दिसणे हे त्यांच्यात उपासमारीचे लक्षण नाही. कंबरेची हाडे आणि पाठीचा कणा टोकदार लागतो काय, मांड्यांचे मांस गेले आहे काय, हे हाताने पाहूनच ठरवावे, नाहीतर चांगल्या कुत्र्याला अति खाऊ घालून आपण आजारी पाडू. त्याच्या अंगात चरबी अत्यंत कमी असल्यामुळे काही भुलीची औषधे त्याच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. नसबंदी किंवा इतर शस्त्रक्रिया करायची झाल्यास तो कारवानी असल्याची कल्पना डॉक्टरांना अवश्य द्यावी.

मुलाला न्यायला हरकत नाही. त्याची लस पूर्ण झालेली असावी, आपण सोबत असावे, आणि नवीन किंवा भ्यालेल्या कुत्र्यांच्या कप्प्यात त्याने जाऊ नये. चादरी धुणे, नोंदी, छायाचित्रे ही कामे त्याला द्यावीत. सासूबाई घरात असताना मात्र पूर्वेतिहास माहीत नसलेला कुत्रा इतक्यात घरी नेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

उत्तर ३ : एक शेतकरी, मोहोळ तालुका

ताई, नमस्कार. मी सीनाकाठचा शेतकरी आहे. लिहिण्याची सवय नाही, मुलीने टंकून दिले आहे. परंतु हे आपणापर्यंत पोहोचावे, असे मनापासून वाटले.

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर आहे. त्या रात्री पाणी किती वेगाने चढेल, याचा अंदाज आम्हाला आला नाही. आधी आई आणि लहान मुले ट्रॅक्टरवर घालून गावात पोहोचवली, मग परत येऊन दोन म्हशींचे आणि वासराचे दावे सोडले. तेवढ्यात पाणी छातीला लागले. कुत्रा गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेला होता. मी साखळी सोडू शकलो, एवढेच माझ्या हातून झाले. तो पोहत उसाकडे गेला, ते अंधारात शेवटचे दिसले. आम्ही बारा दिवस शाळेत होतो. परत आलो तेव्हा घरात कमरेएवढा गाळ होता आणि कुत्रा नव्हता.

एका गटावर फिरत आलेले छायाचित्र मुलीने ओळखले. कानाला चीर आणि गळ्यात माझ्या आईने बांधलेला काळा गोंडा, या दोन खुणांवरून ओळख पटली. आम्ही शहरात पोहोचलो, तेव्हा एक कुटुंब त्याला घेऊन जाण्याच्या तयारीत होते. ती माणसे चांगली होती, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्यांच्यातले एकजण मला म्हणाले की, तुम्ही तर त्याला सोडून पळालात, मग आता कशाला आलात. त्या वाक्याला काय उत्तर द्यावे, हे मला तेव्हा सुचले नाही. कुत्र्याने माझा आवाज ऐकला आणि तो माझ्या अंगावर झेपावला, तेव्हाच तो विषय संपला.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, गोदामातली ही कुत्री बेवारस आहेत, असे धरून चालू नका. त्यांची माणसे या घडीला गाळ उपसत आहेत, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत आहेत, वाहून गेलेल्या मोटारी शोधत आहेत. फोन भिजून गेलेले आहेत. दोन महिने तरी त्यांना वेळ द्या. प्रत्येक कुत्रा कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणाच्या घराजवळ सापडला, हे लिहून ठेवा. पट्टा, गोंडा, दोरा, घुंगरू, काहीही असेल, ते घाण झाले म्हणून टाकून देऊ नका. दोन्ही बाजूंनी, समोरून आणि शेपटीकडून छायाचित्र काढा.

आणखी एक. आपला कुत्रा वडकबाळच्या पुढचा असेल, तर त्याच्याशी मराठीत बोलून उपयोग होणार नाही. त्या पट्ट्यात घरोघरी कन्नड बोलतात. त्याला ‘बा’ म्हणून बोलावून पाहा. ‘ये’ म्हणजे काय, हे त्याने कधी ऐकलेलेच नसेल.

उत्तर ४ : एक वकील, सोलापूर

वरील शेतकरी अण्णांचे उत्तर वाचून मला राहवले नाही. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आले, तेव्हा मदत-होड्यांवर आणि निवाऱ्यांत प्राण्यांना घेत नव्हते. परिणामी असंख्य माणसांनी आपल्या कुत्र्या-मांजरांसह पाण्यातच थांबणे पसंत केले आणि मागे राहिलेले हजारो प्राणी दूरदूरच्या राज्यांत दिले गेले. त्यांतल्या कित्येकांवरून मूळ मालक आणि नवे मालक यांच्यात न्यायालयात खटले चालले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक करणारा कायदा तेथे झाला. आपल्याकडे तो विचार अजून स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर चालतो, आणि त्यामुळेच कागदोपत्री नोंद चोख असणे अधिक गरजेचे आहे.

ज्यांना कोणी मालक नव्हता अशा गावकुत्र्यांविषयीही एक मुद्दा लक्षात ठेवावा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर जेथून उचलले तेथेच परत सोडायचे असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही, रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता, हेच तत्त्व कायम ठेवले होते. सापडल्याचे ठिकाण लिहिलेले नसेल, तर परत कोठे सोडणार? घरी न्यायचेच ठरले, तर ‘तात्पुरता सांभाळ’ असे स्पष्ट लिहून, मूळ मालक आल्यास परत देण्याची अट घालून आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन न्यावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे मी आणि मुलाने लसीची पहिली मात्रा घेतली आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा ते साडेआठ, ही वेळ मी मुलांना कळवली आहे. चाळीस पाने आखून प्रत्येक कुत्र्यासाठी एक पान केले, तेव्हा असे लक्षात आले की एकोणीस कुत्र्यांचे सापडल्याचे गाव कोणालाही नीट आठवत नव्हते. टेम्पोचालकाला बोलावून, त्याच्या फोनमधील छायाचित्रांच्या वेळा पाहून, त्यांपैकी तेरा जणांची गावे आम्ही लावू शकलो. उरलेल्या सहा जणांची पाने अजून वरून कोरीच आहेत, आणि ती पाहिली की फार अस्वस्थ व्हायला होते.

निवृत्त डॉक्टरसाहेबांचा अंदाज बरोबर होता. तेथे येणाऱ्या पशुवैद्यकांनी तो कारवानीच असल्याचे सांगितले आणि वजन थोडेसेच कमी असल्याचे म्हटले. शटरला वंगण घातले आहे.

शुक्रवारी मी त्याच्यापासून सहा हातांवर, भिंतीला टेकून बसले आणि वर्गातील निबंध तपासत राहिले. अर्ध्या तासानंतर, अण्णांनी सांगितले होते तसे, मान न वळवता हळूच ‘बा’ म्हटले. त्याचे दोन्ही कान उभे राहिले. दुसऱ्यांदा म्हटले, तेव्हा त्याने भिंतीकडचे तोंड फिरवून माझ्याकडे पाहिले. तो जवळ आला नाही. परंतु त्यानंतर मी उठेपर्यंत त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले नाही. माझ्या शेजारी तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत वाढलेला एक मुलगा काम करत होता. त्याने लगेच दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका कुत्रीला तेलुगूत ‘रा’ म्हणून पाहिले, पण तिच्यावर काही परिणाम झाला नाही. आता आम्ही प्रत्येकाच्या पानावर ‘कोणती भाषा समजते’ असा एक रकाना वाढवला आहे.

त्याला घरी न्यायचा विचार मी तूर्त सोडून दिला आहे. त्याची कोणीतरी वाट पाहत असेल, असे आता सतत वाटते. येत्या रविवारी त्याची छायाचित्रे घेऊन आम्ही वडकबाळपासून पुढे हत्तरसंग कुडलच्या संगमापर्यंतची नदीकाठची गावे फिरणार आहोत. अण्णा, गावात गेल्यावर आधी कोणाला भेटावे, हे कृपया सांगाल काय? ग्रामपंचायतीला रविवारी कुलूप असेल.

उत्तर ३ कडून पुन्हा

ताई, ग्रामपंचायतीत जाऊ नका. सकाळी साडेसहाच्या आत दूध संकलन केंद्रावर पोहोचा, कारण गावातले निम्मे लोक त्या वेळी किटल्या घेऊन तेथे येतात, आणि कोणाच्या वस्तीवर कोणता कुत्रा होता, हे दूध घालणाऱ्याइतके कोणालाही ठाऊक नसते. छायाचित्र मोठे छापून घ्या, फोनवर दाखवू नका. म्हाताऱ्या माणसांना फोनवर दिसत नाही. खाली कन्नडमध्येही दोन ओळी लिहा. केंद्र बंद झाले असेल, तर पोलीस पाटलांचे घर विचारा. धनगरवाड्यावर मात्र नक्की जा. कारवानी कुत्रा त्यांच्याकडचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि मेंढरे घेऊन ते आता वरच्या माळाला गेले असतील, म्हणून नदीकाठच्या गावात त्यांची गाठ पडणार नाही. माळावर कोणत्या बाजूला गेले, एवढे विचारून घ्या. रविवारी मी मोकळा आहे. विजापूर रस्त्यावर तेरा मैल नावाचे ठिकाण आहे, तेथे उभा राहतो, मला घेऊन चला.